बाबांच्या सोनोग्राफीत 'कॅल्क्युलस' कुठून आले? ऑपरेशनच्या कागदांवरचे शब्द कसे वाचायचे?

मये_तळ्याकाठी

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली, उच्च माध्यमिकला गणित शिकवते. प्रश्न गणिताचा नाही, पण सुरुवात तिथूनच झाली.

गेल्या रविवारी भाचीच्या बारशाचे जेवण झाले आणि रात्री बाबा (वय ७८) उजव्या बरगडीखाली हात धरून बसले. आधी आम्हाला वाटले पित्त. सोडा झाला, ओव्याचा अर्क झाला, आईने सोलकढी दिली. पहाटे चारला उलट्या आणि अंगात कणकण सुरू झाली, तेव्हा इस्पितळात नेले. इस्पितळाचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार कोणावरच नाही. माणसे चांगली होती, फक्त सगळ्यांना घाई होती. सोनोग्राफी झाली आणि कागद माझ्या हातात आला.

पहिलीच ओळ: 'जीबी डिस्टेंडेड, मल्टिपल कॅल्क्युलाय, लार्जेस्ट ११ एमएम, वॉल ४.५ एमएम.' मी पंधरा वर्षे बारावीला कॅल्क्युलस शिकवते. बापाच्या पोटात ते सापडेल असे कधी वाटले नव्हते. बाबांनी चष्मा मागितला. ते पोर्तुगीज राजवटीत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळा शिकलेले. कागद हातभर लांब धरून म्हणाले, "कालकुलु. म्हणजे हिशेब. आणि फातरसुद्धा. हे फातर गो, पोटातले!" अर्ध्या तासाने डॉक्टरांनी तेच सांगितले, पित्ताशयात (कागदावरचे 'जीबी' ते हेच) खडे आहेत. त्यांचे साठ वर्षांपूर्वीचे पोर्तुगीज जिथे चालले तिथे माझी एमएस्सी गप्प बसली होती.

पुढचे शब्द मात्र बाबांनाही आले नाहीत. 'पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड मिनिमल.' 'सीबीडी ५ एमएम, नॉट डायलेटेड.' 'लिव्हर: नो फोकल लीजन.' 'इम्प्रेशन: अक्यूट कॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस.' केसपेपरवर 'मर्फीज पॉझिटिव्ह', 'एनबीएम', 'कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट', आणि शेवटी 'इलेक्टिव्ह लॅप कोले आफ्टर ६ वीक्स, मे नीड कन्व्हर्जन'. चार दिवसांनी घरी सोडले, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीत एका गोळीपुढे 'एसओएस' होते.

शेजारच्या काकूंनी त्यातले 'पॉझिटिव्ह' आणि 'लीजन' एवढे दोनच शब्द वाचले आणि डोळ्यांना पदर लावला. आई तेव्हापासून देवासमोरून उठलेली नाही. आणि ती एसओएसची गोळी मी कपाटात कुलपात ठेवली आहे. म्हटले, अगदीच प्राणावर बेतले तर द्यायची असेल.

मला औषधाचा सल्ला नको, त्याला डॉक्टर आहेत. मला हे शब्द वाचायला शिकायचे आहेत. सहा आठवड्यांनी संमतीपत्रावर सही करायची वेळ येईल, आणि न वाचता सही करायची मला सवय नाही. कुठून सुरुवात करू?

पेडण्याचो_पाव

गूगल करू नका एवढेच सांगतो. मला अ‍ॅपेंडिक्स झाले होते तेव्हा मी रात्री दोन वाजता शोधत बसलो आणि पहाटेपर्यंत मला सात रोग झाले होते. त्यापेक्षा सरळ इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्या. अक्यूट म्हणजे तीव्र, क्रॉनिक म्हणजे जुनाट, सगळे त्यात मिळते.

थेटरातली_सिस्टर

बाय, आधी ती गोळी कुलपातून काढ. ते जहाज बुडतानाचे एसओएस नव्हे. लॅटिनमध्ये 'सि ओपुस सित', म्हणजे गरज लागली तर. दुखले तर द्यायची, नाही दुखले तर नाही, आणि दिवसातून जास्तीत जास्त किती ते डॉक्टरांना विचारून घ्यायचे. माझ्या वॉर्डात एका मुलाने आपल्या आईला रात्रभर कळा सोसायला लावल्या होत्या, गोळी उशीखाली ठेवून, याच समजुतीने. मुलगा बँकेत साहेब होता.

ओडी, बीडी, टीडीएस त्याच घराण्यातले, दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. स्टॅट म्हणजे आत्ता, हातातले काम टाकून. एनबीएम म्हणजे तोंडाने काही नाही, आणि काही नाही म्हणजे पेजेचे पाणीसुद्धा नाही. हे शेवटचे मी एकतीस वर्षे घसा फोडून सांगितले आहे. भूल देताना पोट भरलेले असेल तर उलटी होऊन श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून ते सांगतात. "सिस्टर, चहा नाही दिला, फक्त चहात बुडवून अर्धा उंडा पाव दिला", असे सांगणारे नातेवाईक मला आजही स्वप्नात येतात.

आता मोठे शब्द. त्यांना भिऊ नकोस, ते लांब आहेत म्हणूनच सोपे आहेत. तुमच्या डिचोलीत खनिजाचे ट्रक जसे एकामागे एक लागायचे तसे हे तुकडे लागलेले असतात. वाचायचे शेवटून. शेवटचा तुकडा सांगतो काय झाले किंवा काय करणार, आणि त्याच्या आधीचे तुकडे सांगतात कुठे.

तुझ्या बाबांचा शब्द घे. आयटिस म्हणजे दाह, सूज. त्याच्या आधी सिस्ट, म्हणजे पिशवी. त्याच्या आधी कोले, म्हणजे पित्त. पित्ताच्या पिशवीला सूज, संपले. 'पेरि' म्हणजे भोवती, तेव्हा पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड म्हणजे त्या पिशवीच्या भोवती थोडे पाणी. आता त्याच ट्रकांमधला शेवटचा बदल. आयटिस काढ, एक्टमी लाव. एक्टमी म्हणजे कापून काढून टाकणे. कोलेसिस्टेक्टमी, पित्ताची पिशवी काढून टाकणे. हेच लाडाने 'कोले'. लिथ म्हणजे दगड, म्हणून कोलेलिथियासिस म्हटले की पित्तात खडे. मध्ये 'डोको' आला की नळी. खडा पिशवीतून घसरून मोठ्या पित्तनळीत गेला की तो कोलेडोकोलिथियासिस. सीबीडी म्हणतात ती हीच नळी. तिथे अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि गोष्ट बदलते. तुझ्या कागदावर ती नळी फुगलेली नाही असे लिहिले आहे. त्या ओळीवर आईला बोट ठेवून दाखव.

एक्टमी, ऑटमी आणि ऑस्टमी यांत मात्र डोळे उघडे ठेव. नुसती ऑटमी म्हणजे चिरून उघडणे, आणि काम झाले की परत शिवणे. ऑस्टमी म्हणजे तोंड करून ठेवणे. मोठ्या आतड्यावर कोलेक्टमी म्हटले की आतड्याचा तुकडा किंवा आतडेच काढणार, कोलोस्टमी म्हटले की आतड्याचे तोंड पोटावर आणून पिशवी लावणार. कानाला दोन्ही सारखे. मी नवी असताना एका बाईला तिच्या नवऱ्याचे पोट 'उघडे ठेवणार' आहेत असे कोणीतरी सांगितले आणि ती बेशुद्ध पडली. कोणी सांगितले ते विचारू नकोस, मीच होते.

बाकीची शेपटे पटकन. रॅफी म्हणजे शिवणे, प्लास्टी म्हणजे घडवणे किंवा मजबूत करणे, पेक्सी म्हणजे सुटलेले अवयव जागेवर बांधणे, स्कोपी म्हणजे आत डोकावणे. हर्नियात जाळी घातली की हर्नियोप्लास्टी, नुसते टाके घालून भोक शिवले की हर्नियोरॅफी. मेगाली म्हणजे वाढलेले.

पण खरे फसवतात ते छोटे, ओळखीचे शब्द. पेडण्याच्या भावाने वर अक्यूट म्हणजे तीव्र लिहिले आहे. शब्दकोश चूक नाही, पण घरात रडारड होते ती इथेच. वैद्यकात अक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेले, ताजे. किती जोराचे ते त्या शब्दात नाही. अक्यूट दुखणे सौम्यही असते. तसेच क्रॉनिक म्हणजे बराच काळ चाललेले, त्याचा अर्थ बरे न होणारे असा नाही. कन्झर्व्हेटिव्ह म्हणजे सध्या चाकू नाही, सलाईन आणि अँटिबायोटिकवर बघू. इलेक्टिव्ह म्हणजे तारीख ठरवून केलेले. हौसेखातर केलेले असा त्याचा अर्थ नाही. एका आजोबांनी मला विचारले होते, "इलेक्टिव्ह म्हणजे मत द्यावे लागणार काय?"

लीजन म्हणजे कुठलाही डाग, गाठ, जखम, जे नेहमीसारखे दिसत नाही ते. कर्करोगच असे नाही. आणि तुमच्या काकूंनी त्याच्या आधीचे 'नो' वाचलेच नाही. कागद वाचताना आधी नाही आणि नॉट शोध. 'अनरिमार्केबल' लिहिले तर पेढे वाट, त्याचा अर्थ सांगण्यासारखे काही सापडले नाही.

आणि मर्फी. उजव्या बरगडीखाली बोटे रुतवून डॉक्टर म्हणतात, श्वास आत घ्या. पित्ताशय सुजलेले असले की ते खाली सरकून बोटांना लागते आणि माणसाचा श्वास अर्ध्यावर अडकतो. तो अडकला म्हणजे पॉझिटिव्ह. मर्फी हे शिकागोचे सर्जन, त्यांच्या नावाची ती खूण. काकूंना सांग, मर्फी म्हणजे रोग नव्हे.

मये_तळ्याकाठी

सिस्टर, तुमचा निरोप आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती देवासमोरून उठली आणि पहिले वाक्य म्हणजे, "मग त्या गोळीचा पहिल्याच रात्री उपयोग झाला असता." बाबा काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. गोळी बाहेर काढली आहे.

शेवटून वाचायचे हे मला फार पटले. गणितात कंसातला कंस सोडवतो तसेच आहे.

भाटकार_फोंड्याचो

'मे नीड कन्व्हर्जन' वाचून मी धागा उघडला. म्हटले, यांच्याही जमिनीचे प्रकरण दिसते. गोव्यात कन्व्हर्जन म्हटले की दुसरे काही डोक्यात येतच नाही.

सिस्टरांच्या एक्टमी-ऑस्टमीवर माझी भर. माझ्या बायकोचे हेच पित्ताशयाचे ऑपरेशन होते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर करायचे ठरले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, ही राज्याची योजना २०१६ ची, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांना चार लाखांपर्यंत संरक्षण. मंजुरीसाठी काउंटरवर बसलेल्या मुलीने विचारले, ऑपरेशन कुठले? मी ऐटीत म्हणालो, "कोलेक्टमी." तिने मान वर केली, "काका, मोठे आतडे काढणार आहेत?" मी म्हटले, नाही, पित्ताचे खडे. ती म्हणाली, मग मधला 'सिस्ट' खाल्लात तुम्ही. कागद मागून घेतला आणि त्यावरून नाव उतरवले. तोंडाने सांगू नका कोणी, कागदच द्या.

रात्रपाळी_पीजी

सर्जरीचा निवासी डॉक्टर आहे, नुकतीच ड्युटी संपली आहे, म्हणून शुद्धलेखनाची माफी आधीच मागतो. सिस्टरांशी वाद घालायची माझी हिंमत नाही. थिएटरमध्ये मला गाऊन कसा घालायचा ते अशाच एका सिस्टरांनी शिकवले आहे. पण काही राहिलेले सांगतो.

'लॅप' या शब्दाचा सापळा मोठा आहे. लॅप कोले म्हणजे लॅपरोस्कोपिक, आपण मराठीत दुर्बिणीतून म्हणतो ते, तीन-चार छोटी छिद्रे. पण रात्री इमर्जन्सीत आम्ही 'एक्स-लॅप' म्हणतो तेव्हा तो लॅप लॅपरोटमीचा असतो. पूर्ण उलट, पोट मधोमध उभे उघडून आत काय झाले ते शोधायचे. दोन्हींच्या मुळाशी पोटाच्या मऊ भागाचा तोच ग्रीक शब्द. पण आमच्या बोलण्यातले अर्धवट शब्द ऐकून नातेवाईक "लॅप आहे ना, मग उद्या घरी जाऊ" म्हणत निवांत होतात, आणि पहाटे आयसीयूच्या दाराशी आमच्यावर संतापतात. चूक त्यांची नाही.

कन्व्हर्जन म्हणजे दुर्बिणीतून सुरू केले, पण सुजेमुळे सगळे चिकटलेले निघाले आणि नळी कुठली, रक्तवाहिनी कुठली हे नीट दिसेना, म्हणून पोट उघडून करणे. तिथे आम्ही ज्या त्रिकोणात शोधतो त्याला कॅलोचा त्रिकोण म्हणतात, १८९१ च्या एका फ्रेंच प्रबंधावरून. तो त्रिकोण स्वच्छ दिसल्याशिवाय काही कापायचे नाही असा नियम आहे. पित्ताशयाची नळी समजून मोठी पित्तनळी कापली गेली तर त्या माणसाचे पुढचे आयुष्य अवघड होते. म्हणून कन्व्हर्जन हे अपयश समजू नका, सर्जनने वेळेवर दाखवलेले शहाणपण समजा. कधी 'सबटोटल' असेही लिहून येते. त्याचा अर्थ, धोक्याचा भाग तसाच ठेवून बाकीची पिशवी काढली.

वॉल ४.५ एमएम लिहिले आहे. ३ एमएमपर्यंत आम्ही ठीक धरतो, म्हणजे भिंत सुजली आहे, जे बाकीच्या गोष्टींशी जुळतेच.

आयटिस म्हणजे जंतुसंसर्गच असे समजू नका. दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात सांगितली, ती अजून तोंडपाठ करून घेतात: रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर. लाली, सूज, उष्णता, वेदना. त्यातला तुमोर म्हणजे नुसती सूज. ट्यूमर या शब्दाला नंतर एवढी भीती चिकटली.

सहा आठवडे थांबायचे की आत्ताच करायचे, यावर एक सांगतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करतात. थांबण्यालाही कारणे असतात, वय, मधुमेह, हृदय, किती दिवसांनी आले ते. "आमच्या बाबतीत थांबण्याचे कारण कोणते?" एवढे जरूर विचारा. विचारल्याचा राग येत नाही. आला तर तो झोपेचा असतो.

आणि ताई, सही तुमची नाही. बाबा शुद्धीत आहेत, समजूतदार आहेत, संमती त्यांची. तुमची सही साक्षीदार किंवा नातेवाईक म्हणून. त्यांनाच सगळे समजावून सांगायला लावा, मराठीत नाहीतर कोंकणीत.

मये_तळ्याकाठी

डॉक्टर, हे शेवटचे वाचून मी जरा ओशाळले. बाबांना वाचून दाखवले तर ते म्हणाले, "मग? पोट कोणाचे?"

ती चार लक्षणे मात्र मी वाचायला लागले आणि त्यांनी मला मध्येच थांबवले. दोर, कालोर, रुबोर, तुमोर. चारही शब्द पोर्तुगीजमध्ये जवळजवळ जसेच्या तसे आहेत. त्यांच्या लहानपणी डॉक्टर म्हणजे पणजीच्या एस्कोला मेदिको-सिरुर्जिकात शिकून आलेला, चिठ्ठी पोर्तुगीजमध्ये. ती शाळा १८४२ ची, आजच्या बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची आजी. 'सिरुर्जिया'चे मूळ ग्रीकमध्ये हाताचे काम असे आहे, आपण शस्त्राची क्रिया म्हणतो, यावर आमच्याकडे जेवणाच्या पानावर अर्धा तास चर्चा झाली. बाबांचे म्हणणे, हात महत्त्वाचा. आईचे म्हणणे, बांगड्याची आमटी निवते आहे. (तेल बेताचेच होते, सिस्टर.)

माडापान

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे माडावरचे नारळ पाडायला येतो त्या पाडेल्याला जांघेत हर्निया आहे, बरीच वर्षे. आडवा झाला की आत जायचा. त्याच्या जुन्या कागदावर 'रिड्यूसिबल' आहे. आज सकाळपासून आत जात नाही म्हणतो. रिड्यूसिबल म्हणजे कमी होणारा, तर एक-दोन दिवस वाट बघितली तर कमी होईल का? उद्या आमच्याकडे पाडप आहे, तो यायला तयार आहे.

थेटरातली_सिस्टर

पाडप राहू दे. मला आधी सांग, गाठ दुखते का, कडक लागते का, उलटी झाली का, वारा सरतो का?

माडापान

आता फोन केला. दुखते आहे, हात लावू देत नाही. दुपारपासून दोनदा उलटी. वाऱ्याचे विचारले तर हसला आणि नाही म्हणाला.

थेटरातली_सिस्टर

१०८ ला फोन कर, नाहीतर तुझ्या गाडीत घाल आणि निघ. आत्ता. गाठ आत ढकलायचा प्रयत्न करू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. गेल्या गेल्या सांग, "पूर्वी आत जाणारा हर्निया सकाळपासून आत जात नाही, उलट्या आहेत." एवढ्या एका वाक्यावर ते धावतील.

तू गाडीत असशील, नंतर वाच. रिड्यूसिबल म्हणजे कमी होणारा नव्हे, आत परत जाणारा. जात नाही झाला की इररिड्यूसिबल. आतडे अडकून वाट बंद झाली की ऑब्स्ट्रक्टेड, मग उलट्या, पोट फुगणे, वारा बंद. आणि अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की स्ट्रँग्युलेटेड, म्हणजे गळा आवळला. त्यानंतर तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. आतडे काळे पडले तर तेवढा तुकडा कापून जोडावे लागते. ही एकाच जिन्याची चार पायऱ्यांची वाट आहे, आणि माणूस कुठल्या पायरीवर आहे तेच त्या शब्दात लिहिलेले असते.

माडापान

रात्री साडेअकराला थिएटरात घेतला. आता सकाळ. आतडे वाचले, कापावे लागले नाही. कागदावर लिहिले आहे: 'ऑब्स्ट्रक्टेड इंग्वायनल हर्निया, बॉवेल व्हायेबल.' इंग्वायनल म्हणजे जांघेतला, बॉवेल म्हणजे आतडे आणि व्हायेबल म्हणजे जिवंत असे तिथल्या डॉक्टरणीने सांगितले. तो शुद्धीवर आल्यावर पहिले काय म्हणाला तर, "पात्रांव, तुमचे माड राहिले."

सिस्टर, पाया पडतो.

थेटरातली_सिस्टर

माझ्या नको पडू. त्याला सांग, डॉक्टर सांगतील तोवर माडावर चढायचे नाही आणि नारळाची पोती उचलायची नाहीत. आणि दोन दिवस सगळेजण त्याला वारा सरला का विचारतील, त्याने लाजू नये. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी झोपलेली असतात, त्या झोपेला इलियस म्हणतात. ती जागी झाल्याचा पहिला निरोप तोच. कागदावर 'फ्लेटस पास्ड' लिहून येते. आमच्या वॉर्डात त्यावर साखर वाटणारे लोक होते.

मये_तळ्याकाठी

सात आठवड्यांनी परत आले. मध्ये एक आठवडा बाबांच्या साखरेने खाल्ला.

झाले ऑपरेशन. दुर्बिणीतूनच, कन्व्हर्जन लागले नाही. थांबण्याचे कारण विचारले होते. हृदयाची तपासणी आणि साखर, असे सर्जननी कागदावर आकृती काढून बाबांना समजावले, आणि सही बाबांनीच केली, पोर्तुगीज वळणाच्या त्या लांबलचक अक्षरात. भुलेच्या आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी 'एएसए ग्रेड २' लिहिले होते. बाबांनी ते 'आसा' असे वाचले आणि म्हणाले, "आसा म्हणजे आहे. मी आहे अजून, हे यांनी लिहूनच दिले." भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हसत सांगितले की ती तब्येतीची प्रतवारी आहे, दोन म्हणजे आजार आहे पण आटोक्यात. बाबांना आपलाच अर्थ जास्त आवडला.

ड्रेन, म्हणजे आतले पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवला होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे कागदावर 'पीओडी १', कारण ऑपरेशनचा दिवस हे लोक शून्य धरतात (हे मात्र मला फार आवडले, मोजणी शून्यापासून), त्यावर '४० एमएल, सिरोसँग्विनस' लिहिले होते. मी स्वतः तुकडे पाडले. पाणी आणि रक्त, म्हणजे लालसर पाणी. नळीत तसेच होते. हिरवट दिसले तर लगेच सांगायचे, तो पित्ताचा रंग, असे नर्सने सांगितले. दिसले नाही. दुसऱ्या दिवशी ड्रेन काढला.

आता शेवटची शंका. काल पिशवीच्या तपासणीचा कागद आला. 'क्रॉनिक कॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस. नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी.' मॅलिग्नन्सी म्हणजे कर्करोग, पण त्याच्या आधीचे 'नो' मी आधी वाचले, सिस्टर. पण सोनोग्राफीत अक्यूट होते, इथे क्रॉनिक कसे? दोघांपैकी एकाचे चुकले का? आणि 'ग्रॉस' असे एक शीर्षक आहे, ते काय?

रात्रपाळी_पीजी

कोणाचेच चुकले नाही. त्या रविवारचा झटका अक्यूट होता, तो सात आठवड्यांत शमला. पण खडे वर्षानुवर्षे भिंतीला घासत होते, त्याच्या खुणा भिंतीत राहतात, जाड झालेली, तंतू धरलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ते जुनेपण दिसते. सोनोग्राफीने त्या दिवसाची सूज सांगितली, पॅथॉलॉजिस्टने इतक्या वर्षांचा घासलेपणा सांगितला.

ग्रॉस म्हणजे नुसत्या डोळ्यांनी जे दिसले ते, लांबी, रुंदी, रंग. त्यानंतर मायक्रोस्कोपी, म्हणजे भिंगाखालचे.

मये_तळ्याकाठी

धन्यवाद डॉक्टर. झोप घ्या.

सिस्टर, खडे एका छोट्या डबीत घालून दिले आहेत. बाबांनी ते आज पडवीत वर्तमानपत्रावर ओतले आणि एकेक करून मोजले. तेवीस. मग म्हणाले, खात्रीसाठी तू पण मोज. मी मोजले, बावीस भरले. एक सोप्याच्या फटीत गेला होता, आईने झाडूने काढला. आता ते धुऊन हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवायचे म्हणताहेत, येईल त्याला दाखवायला. ठेवले तर चालतात का?

थेटरातली_सिस्टर

चालतात. सुकवून ठेव, पाण्यात नको. काही दिवसांनी रंग उडतो आणि थोडे भुगा होतात. पण तुझ्या आईला आधी विचार, बाटली कोणती ते.